भांड्यातून किती निघाले?

हरित हायड्रोजनचा, म्हणजे अक्षय विजेने पाणी फोडून काढलेल्या हायड्रोजनचा, विषय निघाला की दोन आकडे हमखास येतात. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या राष्ट्रीय अभियानाची १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद, आणि २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे लक्ष्य. त्याच तरतुदीत संशोधन आणि विकासासाठी ४०० कोटी आहेत, म्हणजे शंभरातले जेमतेम दोन रुपये. हा वाटा तोकडा आहे, ही तक्रार रास्तच. पण जे दोन रुपये आहेत ते मागताना आणि देताना कोणता प्रश्न विचारला जातो, याकडे कुणाचे फारसे लक्ष नसते. पाणी फोडण्याच्या क्रियेला वेग देणाऱ्या अतितलम सच्छिद्र उत्प्रेरकांचा प्रस्ताव आला की त्यांचा पापुद्रा किती पातळ आहे, हे आधी पाहिले जाते. एका खेपेत भांड्यातून किती ग्रॅम माल निघाला आणि दुसऱ्या हाताने केला तर तोच निघाला का, हे त्याआधी विचारायला हवे.

पातळपणाचा हट्ट मुळात वावगा नाही. उत्प्रेरकाचे काम पृष्ठभागावर चालते, पोटातले अणू नुसते बसून खातात. कोबाल्ट ऑक्साइडची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ६.१ ग्रॅम. त्याचा १०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचा पत्रा घेतला तर दोन्ही बाजू धरून ग्रॅममागे सव्वातीन चौरस मीटर क्षेत्र भरते. १ नॅनोमीटरचा घेतला तर ३२८ चौरस मीटर. हिशेब साधा आहे: घनता आणि जाडी यांच्या गुणाकाराने दोनला भागायचे. पुढे याच हिशेबाने एक मोठा घोळ उघडा पडणार आहे.

आणि चांगल्या उत्प्रेरकाची किंमत विजेच्या बिलात दिसते. पाण्याच्या विघटनातून एक किलो हायड्रोजन काढायला सुमारे २६,६०० अँपिअर-तास प्रवाह लागतो, त्यात घासाघीस चालत नाही. घासाघीस चालते ती व्होल्टेजमध्ये. घटातले, म्हणजे वीज सोडून पाणी फोडायच्या पेटीतले, व्होल्टेज ५० मिलिव्होल्टने उतरले तर किलोमागे १.३३ युनिट वाचतात. युनिटला ५ रुपये धरले तर पावणेसात रुपये, आणि ५० लाख टनांवर वर्षाला ६६५ कोटी युनिट. म्हणजे ऑक्सिजन सुटणाऱ्या, जास्त अडून बसणाऱ्या ध्रुवावर चांगला पापुद्रा बसवणे ही चैन नव्हे. प्रश्न आहे तो पापुद्रा बनतो कसा आणि किती बनतो याचा.

छिद्रे पाडण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे पदार्थाला तापवून आतले पाणी घालवणे. कोबाल्ट हायड्रॉक्साइडचा पातळ पापुद्रा हवेत ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन तास तापवला की त्याचे ऑक्साइड होते. हायड्रॉक्साइडमध्ये कोबाल्टच्या एका मोलला (अणूंच्या एका ठरावीक संख्येला) सुमारे २६ घनसेंटिमीटर जागा लागते, ऑक्साइडमध्ये १३. बाहेरची चौकट टिकली तर निम्मी जागा आत रिकामी होते, आणि तीच छिद्रे. यात खरी मेख आहे ती 'चौकट टिकली तर' या तीन शब्दांत. भट्टी मिनिटाला एक-दोन अंशांनी चढवली आणि पूड रुंद नौकेत (भट्टीत ठेवायच्या उथळ भांड्यात) दोन-तीन मिलिमीटरच्या थरात पसरली तर टिकते. घाईने मिनिटाला दहा अंश चढवले किंवा खोल मुशीत पूड दाबून भरली, तर सुटलेली वाफ थरातच कोंडते, कण वाफेत शिजल्यासारखे एकमेकांना चिकटतात आणि छिद्रे बुजतात. ५००-६०० अंशांवर तर छिद्रे फुगत जाऊन पापुद्र्याचे सुटे दाणे होतात. त्याआधीही एक चूक नेहमीची: धुण्याच्या पाण्यातला ऑक्सिजन नायट्रोजन सोडून काढलेला नसेल, तर गुलाबी हायड्रॉक्साइड गाळणकागदावरच कडेने तपकिरी पडू लागते. ते मग हायड्रॉक्साइड राहत नाही, ऑक्सिहायड्रॉक्साइड होते, आणि तापवल्यावर छिद्रांचा आकार वेगळा येतो. कृतीत 'गुलाबी अवक्षेप धुऊन घेतला' एवढेच लिहिलेले असते. पाण्याबद्दल अवाक्षर नाही. मग दुसऱ्या प्रयोगशाळेत तीच कृती का फसली, यावर महिने जातात.

आता तो घोळ. पापुद्र्याची जाडी मोजतात अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली, अभ्रकाच्या तुकड्यावर एक थेंब टाकून. त्यातला एखादा सुटा, देखणा पापुद्रा शोधून त्याची उंची १ नॅनोमीटर भरली की शीर्षकात 'अतितलम' येते. पण घटात तो एक पापुद्रा जात नाही, पूड जाते. उणे १९६ अंशांवर नायट्रोजन शोषवून त्याच पुडीचे पृष्ठक्षेत्र मोजले आणि ते ग्रॅमला ८० चौरस मीटर आले, तर ३२८ भागिले ८० म्हणजे सरासरीने चार-चार पापुद्रे एकावर एक चिकटून बसले आहेत, असा सरळ अर्थ होतो. छिद्रांच्या कडांचे क्षेत्र धरले तर चिकटलेले पापुद्रे चाराहूनही जास्त निघतील. दोन्ही आकडे अनेकदा एकाच लेखात, दोन वेगळ्या आकृत्यांत असतात, आणि परीक्षकांपैकी कुणी भागाकार करत नाही. याला फसवणूक म्हणणे कठोर होईल, आत्मवंचना मात्र नक्की आहे.

पापुद्रे चिकटतात ते मुख्यतः वाळवताना. ओल्या पापडांची चळत उन्हात ठेवली तर काय होते, ते घरोघरी ठाऊक आहे. पाणी उडताना दोन पापुद्र्यांमधला पाण्याचा पडदा त्यांना जवळ ओढतो, आणि पाण्याचा पृष्ठताण मोठा असल्याने ओढही मोठी. ८० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवलेला लगदा सकाळी काळ्या, चकचकीत खड्यांसारखा मिळतो. खलात कुटला तर पूड होते, पापुद्रे परत सुटत नाहीत. उपाय दोन. गोठवून निर्वातात वाळवणे, म्हणजे पाणी द्रवरूपात उडतच नाही. किंवा शेवटच्या दोन-तीन धुण्या ॲसिटोनने करून पाणी हुसकावणे आणि मग हलक्या उबेत वाळवणे. दुसरा उपाय स्वस्त आहे आणि मोठ्या प्रमाणावरही जमतो, फक्त ॲसिटोनची वाफ आणि ओव्हनची तापती तार एकत्र आणू नये.

खरा कस लागतो तो निकेल-लोखंडाच्या दुपदरी हायड्रॉक्साइडवर, म्हणजे दोन्ही धातू एकाच थरात बसलेल्या थरथरांच्या पदार्थावर. अल्कलीत ऑक्सिजन सोडवण्याच्या कामी, महागड्या धातूंविना, आज याच्या तोडीचे फार थोडे आहे. कृती कागदावर सोपी. निकेल नायट्रेटचे स्फटिक २.१८ ग्रॅम आणि फेरिक नायट्रेटचे १.०१ ग्रॅम, म्हणजे निकेल-लोखंड तीनास एक, १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवायचे. दुसऱ्या नळीतून अर्ध्या मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे सुमारे ४० मिलिलिटर. दोन्ही धारा एकाच वेळी, अर्ध्या-पाऊण तासात, ढवळत्या पाण्यात सोडायच्या आणि पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप, १०च्या आसपास राखायचा. पाणी उकळून, नायट्रोजनखाली थंड केलेले हवे. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला की कार्बोनेट होऊन थरांमध्ये खिळ्यासारखे बसते, आणि मग थर सुटे होत नाहीत. क्ष-किरण आलेखात ११.५ अंशांजवळ टोक दिसले तर थरांमधले अंतर ०.७७ नॅनोमीटर, म्हणजे कार्बोनेट शिरलेच असे बहुधा समजावे.

इथे नवखा काय करतो? धातूंच्या द्रावणातच अल्कली थेंबथेंब टाकतो, कारण ते सोपे. पण लोखंड पीएच तीनच्या आतच खाली बसू लागते, निकेल सातच्या पुढे. म्हणजे आधी लोखंडाचा तांबूस गाळ वेगळा पडतो, त्याच्यावर मागाहून निकेल हायड्रॉक्साइड. दोन धातू एका थरात बसलेच नाहीत, तरी भांड्यात दिसायला सारे एकजीव. १०० मिलिलिटरच्या चंचुपात्रात चुंबकी कांडी हा प्रश्न झाकून टाकते. १०० लिटरच्या पिंपात तेच केले तर जिथे अल्कलीची धार पडते तिथे पीएच १३ आणि कडेला ६, आणि लोखंड-निकेल वेगळे. मोठ्या प्रमाणासाठी ढवळणी वाढवून भागत नाही. दोन धारा अरुंद नळीत एकमेकींवर आदळवून क्षणात मिसळाव्या लागतात. ही रसायनशास्त्राची नव्हे, रासायनिक अभियांत्रिकीची बाब आहे, आणि अशा प्रस्तावांत अभियंता बहुधा नसतोच.

वरच्या कृतीतून फार तर १.१ ग्रॅम माल निघतो. पुढे थर सुटे करायला तो फॉर्मामाइडमध्ये हलवतात, लिटरला साधारण एक ग्रॅम या प्रमाणात. आता एक मेगावॉटचा घट घ्या. चौरस सेंटिमीटरला ०.४ अँपिअर आणि १.९ व्होल्टने चालवला तर सुमारे १३२ चौरस मीटर ध्रुवक्षेत्र लागते. चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅम उत्प्रेरक धरला तर १.३ किलो. तेवढ्यासाठी १,३०० लिटर फॉर्मामाइड, वजनाने दीड टन. हा द्रव गर्भाला आणि प्रजननाला घातक म्हणून गणला जातो, २१० अंशांना उकळतो आणि त्याआधीच विघटू लागतो, त्यामुळे ऊर्ध्वपातनाने परत मिळवणेही सोपे नाही. आणि तो धुऊन काढायला पुन्हा ॲसिटोन ओतले की सुटे केलेले पापुद्रे परत चिकटू लागतात. एका मेगावॉटसाठी हा खटाटोप कोण करणार? तरी 'मोठ्या प्रमाणावर सहज करता येणारी कृती' हे वाक्य ५० मिलिग्रॅम मालाच्या लेखातही सुखाने नांदते. ५० मिलिग्रॅमच्या खेपा करून १.३ किलो जमवायचे तर २६,००० खेपा होतात.

चाचणीची गोष्ट आणखी नाजूक आहे. प्रयोगशाळेत काचसदृश कार्बनच्या पाच मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर उत्प्रेरकाचे ४० मायक्रोग्रॅम थापतात. बारीक मिठाच्या एका कणाचे वजन साधारण तेवढेच. द्रावण एक मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड (पुढे नुसते पोटॅश), म्हणजे लिटरला ५६ ग्रॅम, तापमान खोलीचे, प्रवाह चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर. हा दहाचा आकडा आला कुठून? सूर्यप्रकाशावर थेट चालणाऱ्या, दहा टक्के कार्यक्षमतेच्या उपकरणाला साधारण एवढा प्रवाह लागतो म्हणून. कारखान्यातला घट २५-३० टक्के पोटॅशमध्ये, ७० ते ९० अंशांवर, २०० ते ४०० मिलिअँपिअरने आणि हजारो तास चालतो. तिथे बुडबुड्यांचा मारा पापुद्रे खरवडतो आणि गरम अल्कलीत लोखंड हळूहळू द्रावणात उतरते. चोवीस तासांच्या चाचणीत यातले काहीच दिसत नाही.

लोखंडाने तर या क्षेत्राला चांगलेच फसवले आहे. निकेलच्या ध्रुवावर लोखंडाचा अंश किती मोठा परिणाम करतो, हे डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्येच दाखवले होते. पुढे २०१४ मध्ये ट्रोटोशॉ आणि बोएचर यांच्या गटाने सिद्ध केले की निकेल हायड्रॉक्साइडची म्हणून मिरवलेली कार्यक्षमता बऱ्याच अंशी पोटॅशच्या बाटलीतून आलेल्या लोखंडाची होती. दशलक्षात एका भागाहूनही कमी लोखंड पुरते. म्हणजे कुणी नवा निकेल पापुद्रा केला आणि प्रवाह वाढला, तर श्रेय पापुद्र्याचे की बाटलीचे? उत्तर मिळवणे अवघड नाही. स्वच्छ निकेल हायड्रॉक्साइडचा ताजा अवक्षेप पोटॅशमध्ये हलवून ठेवला की तो लोखंड शोषतो. वरचे निवळ द्रावण वापरून मापन पुन्हा करायचे. शिवाय कोऱ्या निकेल जाळीचे मापन त्याच बाटलीतल्या द्रावणात. एका दिवसाचे काम, तरी ते वगळलेले लेख ढिगाने सापडतात. हायड्रोजनच्या बाजूची चाचणी असेल तर समोरचा ध्रुव प्लॅटिनमचा ठेवू नये. प्लॅटिनम विरघळून आपल्या 'स्वस्त' उत्प्रेरकावर बसते, आणि दिवसागणिक सुधारत जाणारा आलेख बघून सगळे खूश होतात.

यावर मूलभूत संशोधनाचे लोक म्हणतील की विज्ञानाला किलोच्या काट्यावर तोलू नका. त्यांच्या म्हणण्यात दम आहे. २००९ मध्ये दक्षिण कोरियात र्‍योंग र्‍यू यांच्या गटाने दोनच नॅनोमीटर जाडीचे झिओलाइट (बारीक छिद्रांच्या स्फटिकी पदार्थाचे) पापुद्रे केले तेव्हा ते कुणी टनांनी मागितले नव्हते. त्यासाठी बावीस कार्बनांची शेपटी असलेला खास साचारेणू बनवावा लागला, आणि तो शेवटी भट्टीत जळूनच जातो. तरी मिथेनॉलपासून पेट्रोल बनवताना काजळी छिद्रांच्या आत न साचता बाहेर साचते आणि उत्प्रेरक पुष्कळ जास्त टिकतो, ही जाण त्यातून मिळाली. असे काम मिलिग्रॅमवरच होते आणि व्हायलाही हवे. आमचे म्हणणे एवढेच की ते त्याच नावाने मागावे. निधीच्या अर्जावर हायड्रोजन अभियानाचा शिक्का आणि आत एका पापुद्र्याचे छायाचित्र, हे दोन्ही एकत्र नको. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा २०२३ मध्ये झाला तो मूलभूत कामासाठीही दार उघडे असावे म्हणून. तिथे पातळपणा खुशाल मागा. अभियानाच्या ४०० कोटींमधून मागायचे असेल तर काटा आणा.

भारतात हे जमत नाही, असे तर मुळीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेले एन्सिलाइट उत्प्रेरक वडोदऱ्याच्या पेट्रोरसायन कारखान्यात झायलीन या रसायनाच्या प्रक्रियेत गेले. तेही सच्छिद्रच, छिद्रे अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपासची. फरक असा की त्यांना पहिल्यापासून कारखान्याच्या नळीत बसायचे होते, म्हणून गोळी फुटते का, राखेत काय उरते, दुसरी खेप पहिलीसारखी येते का, हे प्रश्न टाळता येण्याजोगे नव्हते.

हायड्रोजनच्या बाबतीत त्या वाटेने जायचे तर पूड बनवण्याचा नाद बराचसा सोडावा लागेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. पापुद्रे थेट निकेलच्या जाळीवर उगवावेत. जाळी तीन मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात दहा-पंधरा मिनिटे ध्वनिलहरींच्या कुंडात धुवायची, मग धातूंचे क्षार आणि युरिया यांच्या द्रावणात, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या बंद पात्रात १२० अंशांना बारा तास. नव्वद अंशांच्या पुढे युरिया सावकाश फुटतो, पीएच सर्वत्र सारखा चढतो, आणि पापुद्रे जाळीवर उभे उगवतात. युरियातून कार्बोनेट येते, पण इथे थर सुटे करायचेच नसल्याने ते चालते. वाळवण्याचे संकट टळते, डिंकासारखे बंधकही लागत नाही. जाळी आडवी ठेवली तर वरून पडणारा गाळ तिच्यावर बसतो आणि तोच पुढे आधी गळतो. म्हणून ती उभी किंवा तिरकी टेकवायची. पात्र ७०-८० टक्क्यांहून जास्त भरायचे नाही. ५० मिलिलिटरवरून दोन लिटरवर गेले की मध्यभाग तापायला वेळ लागतो, कडेला आणि मधे पापुद्र्यांची उंची वेगळी येते. इथेही किती ग्रॅम बसले हे विचारायचेच, फक्त प्रति चौरस मीटर, आणि जाळीच्या चार कोपऱ्यांतून व मधून कापलेल्या तुकड्यांवर.

तर निधी देणाऱ्यांनी अर्जात काय मागावे? सलग तीन खेपांचे वजन, सैद्धांतिक वजनाशी तुलना करून. तिन्ही खेपांचे पृष्ठक्षेत्र, पुडीवर मोजलेले. ३० टक्के पोटॅश, ८० अंश, ४०० मिलिअँपिअर आणि किमान ५०० तास, ही एक तरी चाचणी. प्रत्येक प्रयोगशाळेला असा घट परवडणार नाही, तेव्हा तीन-चार ठिकाणी सामाईक चाचणीघट उभारून द्यावेत. तिथे नमुना पोस्टाने पाठवता यावा आणि निकाल चांगला असो वा वाईट, जाहीर व्हावा. पहिल्या हप्त्यानंतर दुसऱ्या संस्थेतल्या कुणीतरी केवळ लिखित कृती वाचून, फोन न करता, तो माल बनवून दाखवल्याशिवाय दुसरा हप्ता सुटू नये. अर्जाबरोबर पाच ग्रॅम माल सीलबंद बाटलीत जमा असावा, म्हणजे दोन वर्षांनी वाद झाला तर तपासायला काहीतरी हाती राहील. ज्यांच्याकडे पाच ग्रॅमच होत नाहीत, त्यांनी कोणत्या खिडकीत जायचे ते वर सांगितलेच आहे.

आणि ती पुनर्कृती करणार कोण? पीएच.डी.चे विद्यार्थी. प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांतून गेली, पण नोकरीच्या मुलाखतीत निबंधच मोजले जातात, त्यामुळे दुसऱ्याची कृती सहा महिने तपासणे विद्यार्थ्याला आतबट्ट्याचे ठरते. हे बदलण्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रबंधात अशा तपासणीचे एक प्रकरण ग्राह्य धरले आणि निवड समितीने ते मोजले तरी पुरे. त्या प्रकरणात मग लोखंड कोणत्या पीएचला आधी पडले, पाणी किती वेळ उकळले होते, पोटॅशच्या कोणत्या बाटलीत कोरी जाळीसुद्धा जोरात चालली, आणि तिसऱ्या खेपेला भांड्यातून किती ग्रॅम निघाले, हे तारीखवार असेल.